७४ च्या जागी २१

सोलापुरात सात रस्त्याजवळ डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डॉक्टरांच्या आधी नंबर काढणं, प्रेशर बघणं, मोतीबिंदूवाल्या आज्ज्यांना हाताला धरून मशीनसमोर बसवणं, ही सगळी कामं माझी. अकरा वर्षं झाली. पण मागच्या एप्रिलमधली ती दुपार अजून डोक्यातून जात नाही.

बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. एक मुलगा आई-वडलांबरोबर आला, बारावी नुकतीच दिलेली, केस एकदम बारीक कापलेले, स्टुलावर बसला तोसुद्धा ताठ. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमवर. म्हणाले, "मॅडम, याला एअरफोर्समध्ये पायलट व्हायचंय, एनडीएचा पेपर दिलाय, डोळे चांगले आहेत असं एक सर्टिफिकेट पाहिजे, क्लासवाल्यांनी मागितलंय."

ड्रॉप टाकायचे नव्हते त्यामुळे बोलायला वेळ होता, आणि तो बोलत सुटला. मावशी बिदरला राहते, लहानपणी सुट्टीत तिच्या गच्चीवरून हॉक विमानं बघायचा, सूर्यकिरणची, म्हणजे एअरफोर्सच्या कसरती करणाऱ्या टीमची, नऊ विमानं एकत्र वळताना बघितली आणि तेव्हाच ठरवलं. लेखी निघाली की एएफएसबी, म्हणजे एअरफोर्सची निवड चाचणी, पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग, त्यात अर्धी मुलं घरी जातात, मग सायकॉलॉजीचे पेपर, ग्राउंडवरचे ग्रुप टास्क, इंटरव्ह्यू, आणि पायलटसाठी सीपीएसएस, कॉम्प्युटरवरची टेस्ट, स्टिक आणि पायातले पेडल सांभाळत स्क्रीनवर लक्ष ठेवायचं. "ती आयुष्यात एकदाच देता येते मॅडम, नापास झालं की एअरफोर्समध्ये पायलट कधीच नाही." रोज पहाटे पळायला जायचा. घरातल्या भिंतीला टेकून बसून वडलांकडून मापं घेतलेली. पायाची लांबी किमान ९९ सेंटीमीटर लागते, त्याची १०३. मांडीची लांबी ६४ च्या आत लागते, तीही आतच. उंची १६२.५ लागते, हा १७१. सगळं वहीत लिहिलेलं, पेनाने चौकोन आखून.

तक्त्यावर दोन्ही डोळे ६/६. मग मी इशिहाराचं पुस्तक काढलं. ठिपक्याठिपक्यांची गोल चित्रं, त्यात रंगाने लपवलेले आकडे, खिडकीशी उजेडात, पाऊण मीटरवर धरून दाखवायचं, एका पानाला तीन सेकंद.

"१२. ८. ६. २९. ५७. ५. ३. १५. ७४."

माझं बोट पान उलटायच्या आत उत्तर यायला लागलं. पाढे म्हणतात तसं. तरी मी काही बोलले नाही. पण त्या पुस्तकात अठराव्या पानापासून चार पानं अशी आहेत की नीट रंग दिसणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही, आणि तिथे प्रत्येक माणूस जरा थांबतो, डोळे बारीक करतो, "यात काय आहे का?" असं मलाच विचारतो. हा थांबलाच नाही. "काही नाही. काही नाही. काही नाही. काही नाही."

मी पुस्तक मिटलं आणि मधूनच कुठलंही पान उघडलं. २९ होतं. तो गप्प. मग हळूच म्हणाला, "७०." दुसरं उघडलं, ७४ चं. "२१." ८ च्या पानाला ३ म्हणाला. मग २६ दाखवलं, त्याला फक्त २ दिसला, आणि ४२ मधला फक्त ४. म्हणजे हिरव्याची बाजू कमजोर, जन्मापासूनची.

त्याने मान खाली घातली. क्लासमधल्या मित्राने दोन महिन्यांपूर्वी मोबाईलवर ही चित्रं दाखवलेली, तेव्हाच त्याला कळलेलं. "मी पाठ केलं मॅडम. मला वाटलं रोज बघितलं की दिसायला लागेल."

मला काही सुचेना. त्याला पाणी दिलं.

वडील म्हणाले, "असं कसं ओ मॅडम, सिग्नल कळतोय की त्याला!" सिग्नल कळतो कारण लाल वर असतो नि हिरवा खाली, जागा पाठ असते. रात्री आकाशात जागा नसते. समोरच्या विमानाच्या डाव्या पंखाला लाल दिवा, उजव्याला हिरवा, त्यावरून ते येतंय की जातंय हे ओळखायचं. उतरताना धावपट्टीशेजारी चार दिवे, दोन पांढरे दोन लाल दिसले तर बरोबर, चारही लाल म्हणजे विमान फार खाली आलंय. आणि एअरफोर्सच्या मेडिकलला पुस्तकावर भागत नाही, मार्टिन लँटर्न म्हणून दिवा असतो, अंधाऱ्या खोलीत सहा मीटरवरून सुईच्या टोकाएवढे उजेड दाखवतात आणि रंग विचारतात. तिथे पाठ करायला काही नाही. वडलांनी तरी एकदा विचारलंच, तुम्ही नुसतं नॉर्मल लिहून द्या, पुढचं पुढे बघू. मी नाही म्हणाले. माझ्या कागदावर मेडिकलसाठी बेंगळुरूपर्यंत जाऊन तिथून हे पोर परत आलं असतं तर मला झोप लागली नसती.

राग मला वेगळ्याच गोष्टीचा आला. क्लासवाल्यांनी दोन वर्षं फी घेतली, पुशअप मारून घेतले, इंग्लिश बोलायला शिकवलं, आणि दहा मिनिटांचं हे पुस्तक कुणी समोर धरलं नाही. आठवीतच करता येतं हे. रंगांची ही जन्मापासूनची अडचण काही वयाने जात नाही, आणि याला ना गोळी आहे ना ऑपरेशन.

आई इतका वेळ गप्प होती. "ताई, हे कुठून आलं?" मी सांगितलं, मुलाला हे आईकडून येतं, आईला स्वतःला बहुतेक काही नसतं, तिच्या वडलांना असू शकतं. तिने तिथेच माहेरी फोन लावला, स्पीकरवर. "आई, आण्णांना रंग कळायचे का गं?"

पलीकडून आज्जी लगेच, "कुठलं कळायला! चादरीच्या मागावर होते ना, सुताच्या कांड्यांच्या टोपल्यांना मी चिंध्या बांधून द्यायची, एक गाठ लाल, दोन गाठी हिरवा. कुणाला सांगू नको म्हणायचे, काम जाईल. तीस वर्षं विणल्या चादरी. का गं, काय झालं?"

खोलीत कुणी बोलेना. मुलगा फोनकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "आज्जी, आजोबांची चादर कधी चुकली का गं?"

"एकदा पण नाही बाळा."

रिपोर्टवर मी होतं तेच लिहिलं. प्रत्येक शाखेची रंगाची अट वेगळी असते, कुठे सैल असते, ती जाहिरात नीट वाच, एवढं सांगितलं. त्याने कागदाची चार घड्या घातल्या, वहीत ठेवला, आणि वडलांच्या आधी बाहेर जाऊन गाडीजवळ उभा राहिला.

ऑगस्टमध्ये तो परत आला. बरोबर ग्राउंडवरचा एक मुलगा, अकरावीतला, क्लास लावायला निघालेला. "मॅडम, याने अजून पैसे भरले नाहीत. आधी याचे रंग बघा." मी पुस्तक मधूनच उघडलं, ७४ चं पान आलं. तो माझ्या मागे उभा राहून त्याच पानाकडे बघत होता, ओठ घट्ट मिटून.

"चौऱ्याहत्तर," तो मुलगा म्हणाला.

"दिसतंय ना नक्की? पाठ नाही ना केलं?" मागून आवाज आला.

"नाही रे, दिसतंय."

त्याने दप्तरातून शिंप्याची टेप काढली आणि म्हणाला, "चल मग, आता भिंतीला टेकून बस."