दलदलीतले मातीचे बिऱ्हाड

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हांदे भागातल्या सँतिलेर-द-रिए गावाच्या हद्दीत ‘बूरीन द्यु ब्वा-ज्युको’ (बूरीन म्हणजे इथले मातीचे घर) हे शेतकऱ्याचे एक जुने बिऱ्हाड संग्रहालय म्हणून जतन केले आहे. आसपास सगळी दलदल. दगड मिळायची मारामार आणि झाडेही तुरळक. त्यामुळे पायाखाली जे होते त्याचेच घर झाले. चिकणमातीत पेंढा घालून गारा तुडवायचा, त्याचे थरावर थर चढवून जाड भिंती उभारायच्या, त्यांना चुन्याचा हात द्यायचा आणि वर बोरूचे छप्पर घालायचे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याकडे घराची पाठ असते आणि दारे-खिडक्या उन्हाच्या बाजूला.

आत गेल्यावर मराठी माणूस रेंगाळतो तो चुलाण्यापाशी. लाकूडफाटा नसल्यामुळे इथली माणसे शेण आणि पेंढा मळून, थापून, उन्हात वाळवून सरपण म्हणून वापरत आणि त्याची राख खत म्हणून कामी येई. युरोपातल्या घरात गोवरी भेटल्यावर मला उगाचच माहेरचे कोणी भेटल्यासारखे वाटले. पलंग मात्र आपल्याकडे नसतील इतके उंच, कारण हिवाळ्यात पाणी चढले की ओल घरापर्यंत येई. बाहेर पडायचे तर सपाट तळाची होडी, नाहीतर ‘निंगल’ नावाची लांब काठी रोवून चर ओलांडणारी उडी.

अशा घरांना हल्ली पर्यावरणस्नेही म्हणून गौरवण्याची रीत पडली आहे. मला ती पुरती पटत नाही, कारण ज्यांना दगडाचे घर परवडत नव्हते त्यांनी मातीचे बांधले, आणि ते उभे ठेवायला जन्मभर राबले. बोरू कुजतो, पावसाच्या शिंतोड्यांनी भिंत बुडख्याशी झिजते, चुना पोपडे धरतो. कोकणात पावसाळ्याआधीची शाकारणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना घराची ही न संपणारी चाकरी वेगळी सांगायला नको. कौले परवडू लागताच कोकणाने ती आनंदाने सोडली आणि व्हांदेतल्या बहुतेक बूरीनही तशाच नाहीशा झाल्या. उरलेल्यांची डागडुजी आता जाणत्या कारागिरांकडून करून घ्यावी लागते. त्यामुळे इतर पाहुणे आतली भांडीकुंडी न्याहाळत होते तेव्हा मी बाहेर वाकून, भिंतीच्या पायथ्याशी नवे लिंपण कुठे संपते आणि जुने कुठे सुरू होते, ते शोधत बसलो.