माशांच्या टाकीत गोगलगायी ठेवताना

क्रॉफर्ड मार्केटमधून मिस्टरी स्नेल जातीच्या दोन पिवळ्याधमक गोगलगायी आणल्या, तेव्हा माझ्या ६० लिटरच्या टाकीत दहा टेट्रा, चार कोरी आणि एक निळा फायटर असे मासे होते. लेकीने त्याच संध्याकाळी बारसं केलं, एक मोठी आणि एक धाकटी. काचेवरचं शेवाळं खातील म्हणून मी त्यांना आणलं होतं. शेवाळं खाण्यात त्या बेताच्याच निघाल्या. पण पाण्यातला प्राणी इतका वेळ बघत बसता येतो, हे मला त्यांनीच दाखवलं. दर थोड्या वेळाने मोठी काचेवरून वर सरकायची, डाव्या बाजूने एक नळी पाण्याबाहेर काढायची आणि भाता ओढावा तसं अंग पुढेमागे हलवत हवा भरून घ्यायची. या गोगलगायींना कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असतात. म्हणून पाण्याच्या वर दोन-तीन इंच जागा मोकळी ठेवावी लागते आणि वर झाकण हवंच, नाहीतर त्या रात्री बाहेर चालत जातात.

पहिली अडचण फायटरची. मिस्टरी स्नेलच्या लांब मिशा पाण्यात वळवळतात, त्या त्याला किड्यासारख्या वाटत असाव्यात. चौथ्या दिवशी धाकटीची एक मिशी अर्धी तुटलेली दिसली. टेट्रा आणि कोरी त्यांच्या वाटेला जात नव्हते, त्यामुळे फायटरला वेगळ्या छोट्या टाकीत हलवलं आणि प्रश्न मिटला. मिशी हळूहळू परत वाढली. मिस्टरी स्नेल ज्या पोमॅसिया गटात येतात, त्यातल्याच एका जातीची गोगलगाय तर अख्खा डोळा महिन्याभरात नव्याने उगवते. कोणी विचारलं तर मी आता हेच सांगते की शेजार आधी बघा. लोच आणि पफर हे गोगलगायी खाणारेच मासे, मोठे सिक्लिड आणि गोल्डफिशही नकोत. टेट्रा, रास्बोरा, कोरी यांच्याबरोबर त्या सुखाने राहतात.

जूनमध्ये टेट्रांच्या अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आले. जवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने निळं औषध दिलं. मी मुद्दाम विचारलं, टाकीत गोगलगायी आहेत, चालेल ना? "ताई, बिनधास्त टाका," असं उत्तर मिळालं. संध्याकाळी औषध घातलं. सकाळी दोघी तळाशी, तोंडावरचं झाकण घट्ट लावून पडलेल्या. मी बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली आणि त्यात कॉपर सल्फेट लिहिलेलं सापडलं. या गोगलगायींचं रक्तच तांब्यावर चालतं, त्यात हिमोसायनिन असतं. तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं थोड्याशा मात्रेतही त्यांना विषासारखं बाधतं.

लगेच दोघींना क्लोरीन काढलेल्या साध्या पाण्याच्या बादलीत हलवलं. टाकीचं अर्धं पाणी बदललं, फिल्टरमध्ये कोळसा घातला, दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं पाणी बदललं. मोठी तिसऱ्या दिवशी मिशा बाहेर काढून चालायला लागली. धाकटीला मी हातात घेतलं तेव्हा झाकण सैल लोंबत होतं आणि असा वास आला की शंका उरली नाही. जिवंत गोगलगाय उचलली की झाकण आत ओढून घेते. मेलेली टाकीत राहिली तर अमोनिया झपाट्याने चढतो आणि मासेही जातात, म्हणून न हलणारी गोगलगाय दिसली की उचलून वास घ्यायचा. लेक त्या दिवशी जेवली नाही. मलाही घास उतरत नव्हता, कारण औषध मीच माझ्या हाताने ओतलं होतं.

त्यानंतर आमच्या घरी एक नियम झाला. ठिपके परत आले तर मासे टबात न्यायचे, औषध टबात घालायचं, मुख्य टाकीत एक थेंबही नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या जंतूला जगायला मासा लागतो. टाकीत मासाच नसेल तर तो उपाशी मरतो. ऑक्टोबरमध्ये एकदा तशी वेळ आली. मासे दोन आठवडे टबात राहिले आणि मोठीला काहीही झालं नाही.

तांब्यातून वाचलेल्या मोठीचा शंख मात्र पावसाळ्यात बिघडायला लागला. टोकाशी पांढुरके चट्टे, मग बारीक खड्डे. आमच्या मुलुंडला धरणाचं पाणी येतं आणि ते मऊ असतं. किटने तपासलं तर पीएच ६.६, म्हणजे किंचित आम्ल, आणि जीएच, म्हणजे पाण्याचा जडपणा, जेमतेम ३. अशा पाण्यात शंखाला कॅल्शियम मिळत नाही, उलट आम्लामुळे असलेला शंखही झिजतो. बोअरवेलच्या पाण्यावर टाकी चालवणाऱ्यांना सहसा हा त्रास होत नाही, ते पाणी जड असतं.

माझी नणंद गुहागरला असते. तिच्याशी बोलताना समुद्रफेनाचा विषय निघाला. माकुळाच्या जातीच्या प्राण्याच्या पाठीतला हा पांढरा, हलका तुकडा किनाऱ्यावर वाहून येतो, पोपट पाळणारे तो पिंजऱ्यात लावतात. जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटच. तिने चार तुकडे पाठवले. मी ते दोन दिवस पाणी बदलत भिजवले, मीठ निघून जावं म्हणून, मग उकळले. तुकडा तरंगतो, म्हणून दोऱ्याने दगडाला बांधून बुडवला. मोठी त्यावर बसून खरवडायची, जवळ कान नेला तर काहीच ऐकू येत नसे, पण तुकड्यावर बारीक रेघोट्या उमटलेल्या दिसत. शिवाय फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची पुरचुंडी ठेवली. दीड महिन्यात पीएच ७.४ वर आला. जुने खड्डे भरत नाहीत, ते कायमचेच. पण तोंडाशी नवा शंख गुळगुळीत आणि झळझळीत पिवळा आला. जुना आणि नवा भाग यांच्या मध्ये आजही एक रेघ दिसते.

खाण्याचं सोपं आहे. सासूबाई भाजी निवडताना दोडक्याची साल, काकडीची चकती, पालकाचं पान बाजूला काढतात, मी ते वाफवून घालते आणि उरलेलं दुसऱ्या सकाळी काढते. तळातल्या वाळूत झाडांबरोबर आलेल्या छोट्या टोकदार ट्रम्पेट गोगलगायीही आहेत. एकदा रात्री बॅटरी मारली तेव्हा शेकड्याने दिसल्या आणि मी घाबरले. माशांचं खाणं निम्मं केल्यावर त्या आपोआप आटोक्यात आल्या.

आणि ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी झाकणाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या वर, गुलाबी दाण्यांचा एक घोस चिकटलेला होता. तुतीच्या फळासारखा. मोठी दोन महिने एकटीच होती, त्यामुळे अंडी पोकळ असतील असं मला वाटलं. मग वाचलं की या गोगलगायींत नर आणि मादी वेगळे असतात आणि मादी नराचं बीज काही महिने साठवून ठेवू शकते. आम्ही जिला धाकटी म्हणत होतो, तो नर होता.

तो घोस मी हलवला नाही. नंतरचे सगळे काढून फ्रीझरमध्ये ठेवले आणि मग टाकले, कारण एका घोसातून शंभरावर पिल्लं निघू शकतात. ही दक्षिण अमेरिकेची जात आहे, नदी-तलावात तिला कधीही सोडायचं नाही. पहिला घोस मात्र तिथेच राहिला. विसाव्या दिवशी तो करडा पडला आणि रात्रीत फुटला. सकाळी काचेवर मोहरीएवढे ठिपके चालत होते, शंख इतके पातळ की आतलं काळं पोट दिसत होतं. लेकीने भिंगातून एकेकाच्या मिशा मोजल्या. बरीच पिल्लं टाकी असलेल्या मैत्रिणींकडे गेली, पाच आमच्याकडे ठेवली. त्यातल्या एकालाही तिने अजून नाव दिलेलं नाही, ती म्हणते, आधी मोठे होऊ देत.