मॉयसेस हॉल : घर कमी, चौकी जास्त

केंब्रिजहून ट्रेन पकडली की पाऊण तासाच्या आत बरी सेंट एडमंड्स येतं. सफोकमधलं छोटं गाव, बुधवारी-शनिवारी भर चौकात बाजार भरतो आणि भाजीचे स्टॉल ओलांडून पलीकडे बघितलं की समोर मॉयसेस हॉल. साधारण ११८० सालचं घर, म्हणजे यादवांची राजधानी अजून देवगिरीला जायची होती तेव्हाचं!

खाली दगडी कमानींचं जाड छताचं दालन, वर राहायच्या खोल्या. तेव्हा गावात बहुतेक घरं लाकूड-मातीची, त्यामुळे मालक जो कोणी होता तो तगडा पैसेवाला असणार. ज्यू सावकाराचं घर असं खूप वर्षं सांगत आलेत पण त्याला पुरावा काही नाही.

मला आवडलं ते वेगळंच. हे घर कोणी जपून बिपून ठेवलेलं नाहीये, ते सतत वापरात होतं म्हणून टिकलं. कैदखाना झाला, गरिबांना राबवून घेणारं वर्कहाऊस झालं, पोलीस स्टेशन झालं, रेल्वेचं पार्सल ऑफिससुद्धा झालं आणि मग १८९९ला म्युझियम. मधे १८५८मध्ये पूर्वेकडची भिंत नव्याने बांधली ती जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने. हो, तोच, मुंबईत पाय न ठेवता आपला राजाबाई टॉवर डिझाईन करणारा!

आत जुन्या घरांच्या भिंतींत सापडलेली वाळलेली मांजरं आहेत, जुने बूट आहेत. चेटूक घरात शिरू नये म्हणून चिणायचे म्हणे. आपण वास्तुशांतीला वास्तुपुरुष पुरतो तसंच काहीसं, फक्त बिचाऱ्या मांजरांचा जीव गेला.

पण गर्दी सगळी एकाच कपाटापाशी. १८२७मध्ये विल्यम कॉर्डरने मारिया मार्टेनला पळून जाऊन लग्न करू म्हणून पोलस्टेडच्या लाल कोठारात बोलावलं, मारलं, तिथेच पुरलं, वर तिच्या घरी पत्रं पाठवत राहिला की ती मजेत आहे. १८२८ला इथेच बरीमध्ये फाशी झाली आणि मग सर्जनने त्याच्या कातडीत त्याच्याच खटल्याचं पुस्तक बांधलं. ते इथे ठेवलंय. कमी होतं म्हणून की काय, म्युझियमच्याच ऑफिसातल्या शेल्फवर त्याच कातडीचं अजून एक पुस्तक निघालं, २०२५पासून तेही शेजारी.

हार्वर्डने २०२४मध्ये त्यांच्या एका पुस्तकावरची माणसाची कातडी उतरवली. इथेही उतरवावी असं मला नाही वाटत, लोकांनी काय काय केलंय ते दिसू दे की. माझी तक्रार वेगळी आहे, खुन्याची कातडी, खुन्याचा मुखवटा, सगळं त्याचंच, आणि जिचा जीव गेला तिच्या थडग्याचा दगड मात्र हौशी लोकांनी आठवण म्हणून तुकडे तोडून तोडून संपवला. त्या कपाटात पहिली गोष्ट तिची सांगा ना, त्याची नंतर.