दगडातले चार सेंटिमीटर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिहा, असं पत्र आलं. बसलो लिहायला, दोन कागद फाडले, पण गाडी बाईंच्या पुढे सरकेना. बाई म्हणजे विज्ञानाच्या. आमच्या वेळच्या मुलांना नाव सांगायला नकोच.

प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली ऑफिसात. बाईंनी त्या किल्लीची वाट कधी पाहिली नाही. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी लिंबाने गुलाबी व्हायचं, खायच्या सोड्याने हिरवं. सायफनला दवाखान्यातून मागून आणलेली सलाइनची नळी.

नववीत एकदा बाईंनी दाराच्या चौकटीच्या खिळ्याला बरोब्बर १ मीटर सुतळीने दगड टांगला. आत-बाहेर करणाऱ्याने वाकून जायचं. २० आंदोलनं (झोके) मोजायची, वेळ लिहायची आणि लांबी व वेळ यांवरून गुरुत्वत्वरण काढायचं, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते. घड्याळ वर्गातल्या एकाचं, त्याच्या काकांनी दुबईहून आणलेलं डिजिटल. आमच्या गटाला आले ४०.९ सेकंद. आकडेमोड केली तर उत्तर ९.४४! पुस्तकात तर ९.८. गटाचा हुशार मुलगा मी (तेव्हा तसा समज होता). उलटं गणित मांडलं आणि पक्क्या वहीत वेळ ४०.१ लिहून टाकली. उत्तर ९.८२. शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

बाई म्हणाल्या, "कच्ची वही आण."

कच्च्या वहीत ४०.९ खोडायचं राहिलं होतं. आता कान पिळणार, या तयारीने मान खाली घातली. बाईंनी पट्टी हातात दिली. "वेळ बरोबरच मोजलीय रे तुम्ही. लांबी कुठपर्यंत मोजलीस?"

"गाठीपर्यंत, बाई."

"आणि दगडाचा मध्य?"

दगड चांगला मूठभर होता. त्याचा मध्य गाठीच्या ४ सेंटिमीटर खाली. लांबी १.०४ धरली आणि ४०.९ तसेच ठेवले, तर उत्तर आलं ९.८२. मी खोटं लिहून जे आणलं होतं, तेच. बाई एवढंच म्हणाल्या, "आता ते ४०.१ तूच खोड." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग माझ्याच हातून धोंडा बदलून घेतला, दुप्पट वजनाचा. मध्यापर्यंत १.०४ मीटर राहील अशी सुतळी आखडली, तर वेळ पुन्हा तीच. जड दगड लवकर झुलेल यावर मी दोन बोरकूट लावले होते, तेही गेले.

आज चाकणला माझी वजनकाटे कॅलिब्रेट करायची, म्हणजे काटे बरोबर दाखवतात का ते तपासायची, लॅब आहे. एनएबीएलचं, म्हणजे लॅबची पारख करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, मानांकन आहे, १४ माणसं कामाला आहेत. नवीन पोरगा लागला की रिपोर्ट नंतर, आधी कच्ची वही मागतो. पोरांनी मागे मला त्यावरून नाव ठेवलंय, ते मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी शाळेत डोकावलो. प्रयोगशाळेत आता मोठा पडदा आहे आणि प्रयोग त्यावर दिसतात. दोलकही पाहिला. हलतो छान, आणि उत्तर पहिल्या फटक्यात ९.८. पडद्यावरच्या दोलकाला दगडच नाही, नुसता ठिपका. मुलं शांत बसून बघत होती. आमच्या वेळी एवढी शांतता असती तर बाई आजारी आहेत असं समजलो असतो.

चौकटीचा खिळा मात्र अजून आहे, रंगाखाली. महोत्सवाला येताना सुतळी आणतोय. दगडही घरूनच आणावा लागेल, पटांगणात आता सगळे पेव्हर ब्लॉक घातलेत.

– एक माजी विद्यार्थी, दहावी १९९१