सीट तापत नाही: एडमंटनच्या गॅरेजमधून

इथे कॅनडात, एडमंटनला, नोव्हेंबर लागला की सकाळच्या पहिल्या चार-पाच जॉब कार्डांत एखादं तरी असतंच, "ड्रायव्हरची सीट तापत नाही." मुंबईतल्या मैत्रिणींना सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, अगं एवढ्यासाठी कोण गॅरेजला जातं? आता बघा, आपल्या सांताक्रूझला १९६२च्या जानेवारीत ७.४ अंश नोंदले गेले होते, तो मुंबईचा नीचांक, आणि इथे थंडीची लाट आली की पारा उणे ३०च्या खाली उतरतो, गाड्यांच्या बॉनेटमधून विजेचा प्लग बाहेर लोंबत असतो कारण इंजिनाला रात्री हीटर लावून ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी चालू होण्याची खात्री नाही. केबिनमधली गरम हवा इंजिनाच्या गरम पाण्यावर येते, म्हणजे आधी इंजिन तापायला हवं, त्यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. सीट मात्र काही मिनिटांतच ऊब द्यायला लागते. रात्रपाळी करून पहाटे घरी निघालेल्या नर्सला किंवा पाठीचं दुखणं असलेल्या आजोबांना ती चैन वाटत नाही, आणि मला पण ती तक्रार कधी छोटी वाटली नाही.

ही सोय तशी जुनी आहे, अमेरिकेत कॅडिलॅकने १९६६च्या मॉडेलला दिली होती आणि ७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या साबने ड्रायव्हर सीटला सरसकट बसवली. आत काय असतं ते सोपं आहे. शेक घ्यायची इलेक्ट्रिक पट्टी असते ना घरी, तेच, फक्त २३० व्होल्टऐवजी गाडीच्या बॅटरीवर चालणारं. सीटच्या फोमवर, कव्हरच्या खाली, बारीक वायरची नागमोडी जाळी किंवा कार्बन फायबरची चटई चिकटवलेली असते, एक बसायच्या भागात, एक पाठीत. समजा तिचा रेझिस्टन्स ३ ओहम आहे आणि इंजिन चालू असताना १३.५ व्होल्ट मिळतायत, तर साडेचार अँपियर करंट जातो आणि साधारण ६० वॉट उष्णता तयार होते. जुन्या पिवळ्या बल्बइतकी. पण ती थेट अंगाला लागते म्हणून पुरते, आणि इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये तर हे फारच कामाचं, कारण केबिनची हवा तापवायला किलोवॉटमध्ये वीज जाते आणि सीटला त्याच्या तुलनेत चिमूटभर.

मग तापमान कोण सांभाळतं? जाळीच्या मध्ये एक छोटा सेन्सर असतो, थर्मिस्टर, थंडीत त्याचा रेझिस्टन्स जास्त आणि गरम झाला की कमी. तो बघून कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे सीटचा छोटा कॉम्प्युटर, करंट चालू-बंद करतं. जुन्या गाड्यांत नुसता थर्मोस्टॅट आणि रिले असायचा, नव्यांत हे सगळं मॉड्यूल बघतं आणि शिवाय स्वतःचे निर्णयही घेतं, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ मला विचाराल तर तिथे आहे.

कारण बऱ्याच गाड्यांत हायवर लावलेली सीट थोड्या वेळाने आपोआप मीडियमवर आणि मग लोवर येते. हे बिघाड म्हणून नाही, तसंच बनवलेलं असतं. बॅटरी जुनी झालीय, घरापासून ऑफिस पाच मिनिटांवर, मागच्या काचेचा हीटर चालू, ब्लोअर फुल, स्टिअरिंग पण गरम होतंय, अशा वेळी व्होल्टेज घसरलं की गाडीच ठरवते की आता सीट बंद, इंजिन चालू राहणं महत्त्वाचं. तिथे सीट उघडून काही उपयोग नाही, बॅटरी आणि चार्जिंग तपासावं लागतं. आणि एक गंमत नाही पण खरी गोष्ट, लोक गुडघ्यापर्यंत जाड पार्का आणि खाली बर्फाची पँट घालून बसतात आणि म्हणतात पाठ तापत नाही, आता त्या कापडातून उष्णता यायला वेळ लागणारच, आम्ही स्वतः हात टेकवून बघतो तर सीट छान गरम.

म्हणून मी मीटर हातात घ्यायच्या आधी प्रश्न विचारते. भायखळ्याला ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून मी कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये वायरिंग शिकले, तिथले उस्ताद गिऱ्हाईक आलं की आधी त्याला स्टुलावर बसवायचे, चहा मागवायचे आणि बोलू द्यायचे, आणि तो बोलत असताना त्यांचा अर्धा फॉल्ट सापडलेला असायचा. इथे कस्टमर काउंटरवर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरशी बोलतो आणि आमच्याकडे फक्त एका ओळीचा कागद येतो, "सीट तापत नाही". या एका ओळीत किती गोष्टी लपलेल्या असतात! बटणाचा दिवा लागतो का, लागून लगेच विझतो का, लुकलुकतो का? फक्त बसायचा भाग थंड की पाठ पण? शेजारची सीट तापते का? कधीपासून, आणि त्याआधी गाडीत काय झालं होतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. कुणी सीटखाली व्हॅक्यूम मारलेला असतो, कुणी मागून सामान सरकवलेलं असतं, कुणी छताला बॉक्स बांधताना गुडघा रोवून सीटवर उभं राहिलेलं असतं. गुडघ्याचा सगळा भार एका बिंदूवर येतो आणि आतली वायर तुटते. बसून नाही तुटत सहसा, गुडघ्याने तुटते.

मागच्या हिवाळ्यातली एक गाडी सांगते. एक नवरा-बायको, दोघं तीच गाडी चालवायचे. ती म्हणायची सीट तापत नाही, तो म्हणायचा मला तर व्यवस्थित तापते. आमच्या आधी एका दुसऱ्या गॅरेजने बघून कागदावर लिहून दिलं होतं की तक्रार आढळली नाही, आणि ती बिचारी इतकी वैतागली होती की घरात सुद्धा तिचं कुणी खरं मानत नव्हतं. मी अ‍ॅडव्हायझरला म्हटलं तिला फोन द्या. विचारलं, तुम्ही सीट किती पुढे घेता? ती उंचीने लहान, पार स्टिअरिंगजवळ. तो सहा फुटी, सीट मागे. बस्, मग सीट तिच्या जागेवर सरकवली आणि खाली टॉर्च मारला. वायरिंग रेलला बांधून ठेवणारी क्लिप निघालेली, त्यामुळे सीट पुढे गेली की हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ताणला जायचा आणि कपलरमधली, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमधली, एक पिन अर्धी मागे सरकायची, सीट मागे घेतली की पुन्हा टेकायची. पिन बदलली, क्लिप नवी बसवली, हार्नेसला थोडी ढील दिली. पार्ट्सचा खर्च नगण्य. पण तिला गाडी देताना मी मुद्दाम जॉब कार्डवर सविस्तर लिहिलं, सीट पुढच्या स्थितीत असताना दोष नक्की दिसतो, कारण ते लेखी असणं तिच्यासाठी गरजेचं होतं असं मला वाटलं.

सीटखालचा कपलर हा इथला मोठा गुन्हेगार. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते बुटांना लागून आत येतं, वितळतं, कार्पेटमध्ये मुरतं आणि कपलर हिरवा गंज पकडतो. अशा वेळी नुसता मल्टीमीटर फसवतो. कपलर काढून मोजलं तर १२ व्होल्ट पूर्ण दिसतात, कारण मीटर करंट ओढतच नाही, आणि लोड लागला की तेच व्होल्टेज कोसळतं. आपल्याकडचे वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन फिरतात, ती सवय अगदी बरोबर आहे, बल्ब करंट ओढतो म्हणून जिथे तारेचा एखादाच धागा शिल्लक आहे तिथे तो मंद जळून सांगतो. एअरबॅगच्या वायरिंगला मात्र तो लॅम्प कधीही नाही. सीटच्या बाजूला एअरबॅग असते, तिचे कपलर पिवळे, सीट काढायची तर आधी बॅटरी सोडवून कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढा वेळ थांबायचं. शेजारच्या सीटमध्ये कोण बसलंय हे ओळखणारा सेन्सर पण असतो, काही मॉडेलमध्ये सीट उघडली की तो परत कॅलिब्रेट करावा लागतो, नाहीतर एअरबॅगला चुकीची माहिती जाते.

रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी ही तपासणीसाठी सोन्यासारखी. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावायचा आणि दोन्ही सीटच्या सेन्सरचं तापमान बघायचं, दोन्ही बाहेरच्या हवेइतकेच दाखवायला हवेत. एक उणे २० आणि दुसरा अधिक ५५ दाखवत असेल तर कळलं, मॉड्यूलला वाटतंय सीट आधीच तापलीय म्हणून ते करंटच सोडत नाहीये, जाळी ठणठणीत आहे. जाळीच तुटली असेल तर मीटर ओपन, म्हणजे तार तुटलेली, दाखवतो, आणि बऱ्याच गाड्यांत पाठ आणि बसायचा भाग एकामागोमाग जोडलेला असल्यामुळे एक तुटला की दोन्ही थंड.

तुटलेली जाळी काहीजण जोडून देतात, ते मला अजिबात मान्य नाही. जोड जिथे तिथे रेझिस्टन्स वाढतो, सगळी उष्णता त्या एका ठिकाणी गोळा होते, फोम जळतो, सीटला भोक पडतं. कस्टमर म्हणाला की "एकाच जागी चटका बसतो" तर मी सांगते, आत्ताच बंद करा, गाडी येईपर्यंत बटणाला हात लावू नका.

आणि हे वाचणाऱ्या मुंबईकरांसाठी खरं महत्त्वाचं आता. तुमच्यातले कितीतरी आई-बाबा मुलांकडे हिवाळ्यात कॅनडा-अमेरिकेला येतात, आणि त्यात कितीजणांना शुगर आहे. जुन्या डायबेटिसमध्ये पायाच्या आणि कधी मांडीच्या नसांची जाणीव कमी होते, गरम लागलेलं कळत नाही. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांचंही तेच. अशा लोकांना गाडीच्या सीटने गंभीर भाजल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. आणि त्यासाठी सीट खूप कडक तापलेली असायला लागत नाही. १९४७ साली मोरित्झ आणि हेन्रिकेझ या संशोधकांनी दाखवून दिलं की ४४ अंशांवर सुद्धा सुमारे सहा तास त्वचा राहिली तर ती भाजते, आणि त्याच्या वर एकेक अंश वाढला की वेळ साधारण निम्मा होत जातो. निरोगी माणूस अस्वस्थ होऊन हलतो, बटण बंद करतो. ज्याला जाणवतच नाही तो लांबच्या प्रवासात गाढ झोपून जातो. भाजलं नाही तरी रोजच्या शेकाने मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, ते पण डॉक्टरांना माहितीचे आहेत. माझी आई आली तेव्हा मी तिच्या बाजूचं बटण फक्त लोवर आणि गाडी तापेपर्यंतच, असं ठरवून टाकलं, आणि गाडी चालवणाऱ्याने बंद करायचं, तिच्यावर सोडायचं नाही. मुलांनो, काका-काकूंना विमानतळावरून घेऊन येताना कौतुकाने हाय लावून देता ना, तेवढं नका करू.

मुंबईत याचा भाऊ आलाय, व्हेंटिलेटेड सीट, आणि तक्रार तीच उलटी, "सीट थंड होत नाही". तर आधी हे की बहुतेक गाड्यांत त्या सीटमध्ये एसी नसतो, खाली एक फॅन असतो, तो कव्हरच्या बारीक भोकांतून केबिनचीच हवा खेळवतो, घाम वाळतो म्हणून गार वाटतं. केबिन तापलेली असेल तर सीट गरम हवाच देणार. दुसरं म्हणजे आपल्याकडे गाडी शोरूममधून निघायच्या आत वर जाड रेक्झिनचं सीट कव्हर चढतं, भोकं बंद, फॅन आत फिरतोय आणि तुम्हाला वारा नाही. त्याहून वाईट म्हणजे सीटच्या बाजूची एअरबॅग त्या कव्हरखाली अडकते, म्हणून सीटच्या कडेला एअरबॅगचा टॅग असेल तर त्यासाठी बनवलेलं कव्हरच घ्या किंवा घेऊच नका. आणि गॅरेजला जायच्या आधी एवढं करा: गाडी चालू, एसीचा ब्लोअर बंद, सीटचा फॅन फुल, आणि कान लावून ऐका. आवाज येतोय पण हवा नाही, तर कव्हर किंवा आत साठलेली धूळ. आवाजच नाही, तर सीटखालचा कपलर बघायला सांगा, आणि पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली होती का तेही आठवून सांगा, विचारलं नाही तरी.