दापोडीचा पूल ते नाशिक फाटा

काकांच्या सायकलच्या चेनव्हीलला ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. चेनकव्हर त्यांनी केव्हाच काढून टाकलंय, म्हणून ते दिसतात तरी. कासारवाडीच्या सिग्नलला काका पुढे आणि मी मागे अशी उभी असताना मी ते मोजले. दोन सकाळी लागल्या, कारण एका तांबड्या दिव्यात ४४ दाते मोजून होत नाहीत. माझं कामच मोजायचं आहे. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे, दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. रोज सकाळी जो माणूस मला मागे टाकतो, तो नेमका कशाच्या जोरावर टाकतो हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

हिशेब असा. २८ इंची चाक, ४४ आणि १८ दाते, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल साडेपाच मीटरच्या थोडी आत पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर ताशी साडेएकोणीस किलोमीटर. काका याच्या फार वर कधी जात नाहीत. माझ्या सायकलला २१ गिअर आहेत आणि तिचं वजन १४ किलो. त्यांची काळी सायकल नुसतीच वीस-बावीस किलो भरेल. शिवाय कॅरियरवर ट्यूबच्या पट्टीनं आवळलेली लाल पिशवी, तिच्यात डबा आणि पाण्याची बाटली. सपाट रस्त्यावर मी ताशी २८ नं जाते. तरीही नाशिक फाट्याला मेट्रोच्या जिन्यापाशी बहुतेक दिवशी काकाच आधी पोचलेले असतात.

मी खडकी बाजारातून सव्वासातला निघते. काका येरवड्याहून येतात आणि पुढे पिंपरीला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. आमची गाठ पडते ती हॅरिस पुलावर, मुळा ओलांडताना. पूल संपला की दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी आणि मग फाटा. जेमतेम चार किलोमीटर. तिथून ते सरळ जातात आणि मी उजवीकडे भोसरीला वळते.

सुरुवातीचे दिवस मला नीट आठवतात. बस सोडून सायकल घेतली तेव्हा या रस्त्यावर माझ्याशी बाकीच्यांनीही शर्यत लावली होती, पण ती वेगळी. मोटरसायकलवरची पोरं मुद्दाम शेजारी येऊन हॉर्न वाजवायची. कुणी ओढणीकडे बोट दाखवायचं, कुणी ‘मॅडम, जोरात’ म्हणून ओरडायचं. मी खाली मान घालून पायडल मारायची. अशाच एका सकाळी पुलानंतरच्या चढावर मागून दोनदा घंटी वाजली. ‘साइड, ताई.’ आणि काळ्या सायकलवरचे एक साठीचे गृहस्थ उजवीकडून पुढे निघून गेले. वळून पाहिलं नाही, हसले नाहीत, बाई आहे म्हणून वेगही कमी केला नाही. फुगेवाडीच्या आत मी त्यांना गाठलं, घंटी वाजवली आणि म्हटलं, ‘साइड, काका.’ त्यांनी सरकून जागा दिली. पुढच्या सिग्नलला ते पुन्हा माझ्या पुढे होते.

चौथ्या दिवशी जिन्यापाशी मी आधी पोचले. काकांनी शेजारून जाताना डावा हात वर केला. माझ्याकडे एक बोट, स्वतःकडे तीन. म्हणजे ते पहिल्या दिवसापासून मोजत होते! त्या दिवशी मी कारखान्यात पोचले तेव्हा पाय दुखत होते आणि मला कुणाला तरी हे सांगावंसं वाटत होतं. हॉर्न मारणाऱ्यांना मी फक्त रस्त्यातली अडचण होते. या माणसानं मला बरोबरीची धरली होती.

त्यांचं गणित कळायला मला महिना लागला. दोन सिग्नलमध्ये अर्धा किलोमीटर धरा. मी २८ च्या वेगानं ते ६४ सेकंदांत कापते, काका २० च्या वेगानं दीड मिनिटात. मी मिळवलेले २६ सेकंद पुढचा तांबडा दिवा गिळून टाकतो. काका लांबूनच दिवा बघतात, पायडल थांबवतात आणि फ्रीव्हीलची टिकटिक ऐकत सावकाश येतात. ते पोचतात आणि दिवा हिरवा होतो. त्यांची बावीस किलोची सायकल चालतीच असते, मी मात्र पाय टेकून उभी, शून्यापासून सुरुवात करणारी. मी पहिला दम घेईपर्यंत ते चौक ओलांडून गेलेले असतात. प्रत्येक सिग्नल किती वेळ तांबडा राहतो हे त्यांना पाठ आहे. मेट्रोच्या कामासाठी रस्त्याच्या मधोमध पत्रे लावलेले होते, तेव्हापासून ते इथून जातायत, २०२२ च्या मार्चमध्ये फुगेवाडीपर्यंत मेट्रो सुरू झाली त्याच्याही आधीपासून.

आमच्यात नियम आहेत, पण ते कुणी कुणाला सांगितलेले नाहीत. सिग्नल तोडायचा नाही. टेम्पोच्या मागच्या फळीला हात लावून ओढत जायचं नाही. स्टॉपवर बस आत घुसली आणि पुढच्याला थांबावं लागलं, तर मागच्यानं तो मोका साधायचा नाही. पाचवीतल्या पोरांची रिक्षा समोर रिकामी होत असेल तर दोघांनीही उतरून चालायचं.

एकच नियम काकांनी तोंडानं सांगितला, जुलैमध्ये. पावसाळ्यात या पट्ट्यात वारा डावीकडून येतो, आडवा. पुढच्या सायकलच्या मागे उजवीकडे जरा तिरकं राहिलं की आडोसा मिळतो आणि पाय हलके होतात. मला हे चालवता चालवता कळलं आणि मी तशी राहू लागले. काकांनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी कासारवाडीला थांबल्यावर म्हणाले, ‘ताई, उजवीकडे यायचं नाही. तिथं गाड्या आहेत. हरलात तरी चालेल, पण माझ्या मागं सरळ राहा.’ मी मान हलवली. त्या दिवसापासून पावसाळ्यात वारा दोघांनाही सारखाच लागतो. फाट्याला उजवीकडे वळले की तोच वारा माझ्या पाठीवर येतो आणि भोसरीचा चढ सोपा जातो. काकांना तसं काही मिळत नाही.

मागच्या महिन्यात माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं. गुरुवारी, म्हणजे आमच्या एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, ती दुकानात टाकली आणि शुक्रवारी बाबांची सायकल काढली. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ सालचा कारखाना. लहानपणी मी पाहिलंय, भोंगा झाला की गेटातून सायकली अशा सुटायच्या की रस्ताभर घंट्याच घंट्या, आणि मोटारी कडेला थांबून राहायच्या. त्या गर्दीतली ही सायकल. बावीस इंची फ्रेमची, दांडीची, सळईचे ब्रेक, सीटच्या मागे कारखान्याच्या स्टँडचा पितळी बिल्ला अजून तसाच.

पुलावर काकांनी तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मला गाठायच्या आधी बोलले. ‘आज बरोबरीचं हत्यार.’ मला वाटलं, आता तरी खरं काय ते कळेल. कळलंच. शुक्रवारी मी फुगेवाडीतच मागे पडले. शनिवारी तेच. गिअर नसताना त्यांच्या पायांचा ठेका किती एकसारखा आहे ते दिसलं. चढावर तो बदलत नाही, उतारावर बदलत नाही. माझे गुडघे दुखायला लागले होते.

रविवारी आम्हाला काम असतं. बाकीचं पुणं झोपलेलं असतं आणि लोणावळ्याकडे निघालेल्या हौशी सायकलवाल्यांचे थवे आम्हा दोघांना ओलांडून जातात. त्यांना आम्ही मोजत नाही. रस्ता मोकळा, म्हणून फाट्याला लवकर पोचलो. काका टपरीपाशी थांबले होते. म्हणाले, ‘सीट खाली आहे तुमची. पाय सरळच होत नाही.’

सीट बाबांच्या उंचीवर होती. मी बाबांपेक्षा उंच आहे. आयुष्यभर मापं घेणारी मी, पण ती सीट हलवायचं माझ्या मनातच आलं नव्हतं.

काकांनी जुनी पद्धत दाखवली. सीट बगलेत धरायची, हात खाली लांबवायचा, बोटांची टोकं क्रँकच्या मधल्या बोल्टला टेकली की उंची बरोबर. माझी बोटं चार अंगुळं खाली जात होती. त्यांनी पिशवीतून पाना काढला. नट गंजून बसला होता, तर चेनसाठी ठेवलेल्या बाटलीतलं तेल टाकून चहा होईपर्यंत थांबले. चहा पिताना सांगत होते की लहानपणी मुंबई-पुणे शर्यत बघायला ते दापोडीला येऊन उभे राहायचे. बोरघाटात पहिला येणारा ‘घाटांचा राजा’ आहे हे कुणीतरी बोट दाखवून सांगायचं, पण तोवर तो निघून गेलेला असायचा. चेहरा कधी दिसला नाही, चेनचा आवाज तेवढा लक्षात राहिला.

मग नट सैल झाला. सीट वर ओढायच्या आधी काका थांबले. पिशवीतून कानस काढली आणि सीटच्या नळीवर, जुन्या उंचीपाशी, एक बारीक रेघ ओढली. ‘परत खाली घ्यायची झाली तर सापडेल,’ म्हणाले. बाबांबद्दल मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं.

सोमवारी मी कासारवाडीपर्यंत त्यांच्या मागे टिकले. मंगळवारी शेवटच्या सिग्नलला दोघांची चाकं एका रेषेत. बुधवारी मी फुगेवाडीच्या दिव्याला पाय टेकलाच नाही. लांबून बघितलं, पायडल थांबवलं, टिकटिक ऐकत आले आणि तो हिरवा झाला. त्यांच्याकडून शिकले तेच केलं. जिन्यापाशी त्यांचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाशी होतं. एका चाकाचा फरक, वेळ १२ मिनिटं ४० सेकंद.

काका दम घेत होते, मीही. त्यांनी माझ्याकडे एक बोट केलं. मग वाकून मागचं टायर अंगठ्यानं दाबून बघितलं.

‘उद्या गुरुवार,’ म्हणाले. ‘शुक्रवारी हवा भरून येतो.’

माझी गिअरची सायकल तयार असल्याचा दुकानातून फोन सोमवारीच आला होता. ती आणायला मी अजून गेलेले नाही.