पांढरी टोपी

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. परतीचा पाऊस संध्याकाळी जोरदार येऊन गेला होता. माझी दुसरी पाळी, दुपारी तीन ते रात्री अकरा. पण रात्रपाळीवाल्याच्या घरी काहीतरी अडचण निघाली आणि "दोनपर्यंत सांभाळून घे, मी बाईकने येतो" असा त्याचा फोन आला. वाशीतल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन म्हणून मला २१ वर्षं झाली. अडीनडीला एकमेकांसाठी थांबायची आमच्याकडे रीतच आहे. थांबलो.

दीडच्या सुमारास कॅज्युअल्टीतून फोन आला, "अ‍ॅक्सिडेंटचा पेशंट पाठवतोय, खांदा आणि मनगट." वॉर्डातले मामा व्हीलचेअर ढकलत आले. खुर्चीत पंचावन्न-साठीचे एक गृहस्थ, डावा हात उजव्या हाताने पोटाशी धरलेला, मान त्याच बाजूला कललेली. गळपट्टीचं हाड मोडलेला माणूस असाच येतो, फिल्म निघायच्या आधीच आम्हाला अंदाज येतो. सदऱ्याची बाही फाटलेली, कोपराला खरचटलेलं, आणि मांडीवर चिखलाने भरलेली गांधी टोपी. ती त्यांनी कुणाला घेऊ दिली नव्हती.

काका भाजी मार्केटमध्ये माथाडी. मूळचे पाटणकडचे, राहायला कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत. १९९६ साली भायखळ्याचा भाजीबाजार वाशीला हलला, त्याच्या मागोमाग तेही इकडे आले. मध्यरात्रीनंतर भाजीच्या गाड्या लागायला लागतात, म्हणजे बाकीचं शहर झोपतं तेव्हा यांचा दिवस उगवतो. त्या वेळी बस नसते आणि रिक्षाला रोज पैसे कोण घालणार? इतकी वर्षं त्यांनी हा रस्ता काळ्या, दणकट, उंच दांडीच्या सायकलवरून काटला होता.

त्यांच्या मागे दारात एक पंचविशीचा पोरगा उभा होता. शर्ट घामाने ओला, हातात मोबाइल, पण तो बघत कुठेच नव्हता. नारायणगावाहून टोमॅटो घेऊन आलेल्या टेम्पोचा हा ड्रायव्हर. धडक त्याच्याच गाडीची बसली होती. आणि त्यानेच काकांना उचलून आणलं होतं, सायकलसुद्धा क्रेटवर टाकून.

टेबलाजवळ घेऊन मी काकांचा खांदा हळूच सरळ करत होतो. दुखत असताना माणूस बोलत राहिला तर बरं पडतं, म्हणून विचारलं, "काका, सायकलला दिवा नव्हता का?"

"डायनामो हाय की. पर बंद हाय, झाली दोन-चार वर्सं. आन् दिव्याचं काय काम वो सायेब? रस्त्याला यवढं दिवं. खड्डान् खड्डा दिसत हुता मला."

बाहेर आलो तर पोरगा भिंतीला टेकून उभा. मला बघून सरळ झाला. "दादा, देवाशप्पथ सांगतो, दिसलेच नाहीत. समोरून डंपरवाला अप्पर मारत आला, रस्ता ओला, सगळा नुसता उजेडच उजेड. मग काहीतरी पांढरं हललं. टोपी. ती दिसली म्हणून स्टेअरिंग मारलं. तरी आरसा लागलाच हँडलला."

दोघंही खरं बोलत होते. काकांना रस्ता स्वच्छ दिसत होता आणि पोराला काका दिसत नव्हते. रात्री सायकल चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची चूक नेमकी इथे होते, आणि तिचा पुरावा त्या रात्री माझ्यासमोर व्हीलचेअरवर बसला होता. खांबाच्या उजेडात आपलं चाक, खड्डा, कुत्रं सगळं आपल्याला दिसतं, म्हणून आपणही तसेच दुसऱ्याला दिसत असणार असं आपण धरून चालतो. काळी सायकल, मळकट सदरा, ओलं डांबर. समोरच्या दिव्याने डोळे दिपले की ते पुन्हा जुळायला काही सेकंद जातात. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. पोराच्या हातात जे काही उरलं, ते त्या टोपीने दिलं.

फिल्मवर गळपट्टीचं हाड मधोमध मोडलेलं स्पष्ट दिसलं. त्यात अवघड काही नव्हतं, अशी हाडं झोळीत हात ठेवून बहुधा जुळून येतात. मला काळजी मनगटाची होती. माणूस सायकलवरून पडताना तळहात पुढे टाकतो आणि सगळा भार अंगठ्याखालच्या स्कॅफॉइड नावाच्या चिमुकल्या हाडावर येतो. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. जुनी माणसं तपकिरीची चिमूट तिथेच घ्यायची. त्या खळग्यात मी बोट टेकवलं आणि इतका वेळ शांत असलेले काका कळवळले. मनगट करंगळीच्या बाजूला वळवून मी खास या हाडाची फिल्म घेतली. काहीच नाही. कडा गुळगुळीत, रेघ कुठेही नाही.

हे हाड पहिल्या दिवशी असंच फसवतं. बारीक तडा दहा-बारा दिवसांनी, कडा जरा झिजल्या की मगच दिसतो. तोवर "मुरगळलंय" म्हणून माणूस कामाला लागला, तर हाडाच्या एका तुकड्याचं रक्त तुटतं आणि तो तुकडा मरतो. याला रक्त बोटांच्या बाजूने येतं आणि मागे वळतं, म्हणून मागच्या तुकड्याची उपासमार होते. आणि हे मनगट ५० किलोच्या गोणी उचलणाऱ्याचं. निदान सांगणं माझं काम नाही, पण मी कॅज्युअल्टीत गेलो आणि ड्युटीवरच्या डॉक्टरबाईंना खळग्याचं सांगितलं. त्यांनी स्वतः दाबून पाहिलं, अंगठ्यासकट प्लास्टरचा स्लॅब घातला आणि बारा दिवसांनी पुन्हा फिल्म लिहून दिली. पोलिसांचे कागद झाले. पोरगा सगळा वेळ तिथेच होता, त्याचे टोमॅटो खाली गाडीत.

अडीचला माझा माणूस आला आणि मी निघालो. कंपाउंडमध्ये टेम्पोजवळ मामा काकांची सायकल उतरवून घेत होते. मी सहज मागे जाऊन बघितलं. या सायकलींच्या मागच्या मडगार्डचं टोक पांढरं रंगवलेलं असतं आणि त्यावर लाल काचेचा डोळा असतो. इथे पांढरं काहीच नव्हतं. ग्रीस, चिखल, मार्केटचा भाजीपाला कुजून झालेला काळा थर. मी दहा-पंधरा पावलं मागे गेलो, मोबाइलची बॅटरी लावून डोळ्याला लागून धरली. मडगार्ड मेलेलं. मग खिशातला रुमाल ओला करून ते घासलं. थर खरवडीसारखा सुटत गेला आणि आतून मळकट, पण पांढरा पट्टा वर आला. काच पुसली. परत मागे जाऊन बॅटरी मारली तर लाल डोळा खाडकन उघडला. मामा म्हणाले, "अरे, हे तर जिवंत आहे!" त्या काचेमागे बारीक बारीक कोन असतात, उजेड जिथून आला तिथेच ते परत पाठवतात. ना सेल, ना वायर. फक्त पुसायला हवं होतं.

मग मला माझीच सायकल आठवली.

मी नेरूळला राहतो, जाऊन-येऊन १६-१७ किलोमीटर सायकल, बरीच वर्षं. पुढे पांढरा दिवा, सीटखाली लाल लुकलुकणारा. माझा मला भरवसा होता. मी रेनकोट चढवला, दिवे लावले, सायकलवर बसलो आणि मामांना म्हटलं, गेटपर्यंत जाऊन मागून बघा. ते पन्नासेक पावलं गेले. तिथून ओरडले, "दिवा लावा की!"

"लावलाय!"

"नाही दिसत!"

खाली उतरून बघितलं. रेनकोटचा मागचा घेर सीटवरून खाली लोंबतो आणि दिव्यावर पडद्यासारखा बसतो. जून ते ऑक्टोबर, चार-पाच महिने, पावसाळी रात्री पाम बीचवरून मी मागून काळोख होऊन जात होतो. हिला घरी रोज सांगत होतो की दिवा आहे, काळजी करू नकोस. पाय कापतात म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. दिवा सीटखालून काढून चिकटपट्टीने मडगार्डच्या टोकाला बांधला, मामांना परत गेटपर्यंत पाठवलं, आणि त्यांनी हात वर केल्यावरच निघालो.

एवढं सगळं बघूनही मी सायकलवरच घरी गेलो, रिक्षा केली नाही. याचं कारण सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की रात्रीची सायकल म्हणजे नुसतं भय.

दिवसभर एसीतली बंद खोली, अंगावर शिशाचा जड अ‍ॅप्रन, आणि एकामागोमाग एक दुखणारी माणसं. बाहेर पडून पहिले दहा पॅडल मारले की खांदे आपोआप खाली येतात. वाशी-सानपाड्याच्या सेक्टरांत ऑक्टोबरात सातवीण फुलते. दिवसा तिचं अस्तित्वही कळत नाही आणि रात्री त्या वासाच्या भिंतीत आपण चाकासकट शिरतो. एप्रिलमध्ये मार्केटच्या बाजूने गेलं तर पेंढ्याचा आणि हापूसचा वास रस्त्यावर येतो. पाम बीचला लागलं की खाडीवरून वारं येतं, ओहोटी असेल तर चिखलाचा खारट दर्प. पॅडल थांबवलं की मागच्या चाकाची टिकटिक तेवढी ऐकू येते. त्या रात्री करावेच्या अलीकडे तिवरांतून कोल्ह्यांनी कुई केली. एक ओरडला, मग चार-पाच. एवढ्या टॉवरांच्या शहरात कोल्हे अजून टिकून आहेत हे गाडीच्या बंद काचेआडून कधीच कळलं नसतं. मी पाय टेकवून ते संपेपर्यंत उभा राहिलो. रस्त्याच्या पार कडेला, दिवा चालू ठेवून.

भय आहेच. शनिवारी रात्री याच रस्त्यावर बाईकच्या शर्यती लागतात, तेव्हा मी आतल्या सेक्टरांतून जातो. पाण्याखालचा खड्डा, गटाराच्या जाळीत अडकणारं चाक, उलट्या बाजूने बिनदिव्याचा येणारा स्कूटरवाला, उभ्या गाडीचं अचानक उघडणारं दार. या सगळ्यांवर सावध राहणं हा उपाय आहे, आणि सावध राहणं माझ्या हातात आहे. मागून येणाऱ्याचं तसं नाही. त्याला मी दिसलो तरच तो सावध होणार. त्या रात्रीनंतर मी पॅडलला पिवळे रिफ्लेक्टर लावले आणि घोट्यांना चमकणारे पट्टे. वरखाली हलणारे दोन ठिपके बघितले की मागच्याला लांबूनच समजतं, इथे माणूस पाय मारतोय.

माझे वडील ठाण्याला नौपाड्यात राहायचे. ते सांगायचे, बिनदिव्याची सायकल दिसली की हवालदार चाकातली हवा सोडायचा. लहानपणी मला तो हवालदार दुष्ट वाटायचा. आता वाटत नाही.

बाराव्या दिवशी काका आले. सोबत मुलगा होता, वीस-बावीस वर्षांचा, लाजाळू. मनगट करंगळीकडे वळवलं, फिल्म घेतली, आणि ती होती. स्कॅफॉइडच्या कमरेवर केसासारखी काळी रेघ. डॉक्टरांनी अंगठ्यासकट पक्कं प्लास्टर घातलं. अजून निदान दीड-दोन महिने गोणीला हात नाही. काका गप्प झाले. मग म्हणाले, "पर हाड वाचंल न्हवं?" वेळेत कळलंय, आता हात नीट सांभाळला तर वाचायची आशा चांगली आहे, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट घातली. नवी होती, कडक इस्त्रीची.

घर चालावं म्हणून सध्या मुलगा मार्केटला जातो, त्याच सायकलवर, त्याच वेळी. मी त्याला बाजूला घेऊन सायकलचं विचारलं. डायनामो दुरुस्त केलाय म्हणाला, पण थांबलं की दिवा विझतो, म्हणून मागे सेलचा एक वेगळा लावलाय. मडगार्ड आईने ऑइलपेंटने पांढरं केलंय.

"आणि काच?"

"ती रोज पुसते. मी निघालो की आई गेटपातूर येते, मोबाइलची बॅटरी डोळ्याजवळ धरून उभी राहते. कोपऱ्यावर वळेपर्यंत लाल दिसतंय का बघत असते. नाही दिसलं तर हाक मारून माघारी बोलावते."